डेटाबेस रचना व उभारणी : विद्यापीठीय अध्ययन (नाशिक)

एखाद्या व्यवहारातील माहितीची परस्परसंबंधांसह मांडणी ठरवणे आणि ती डेटाबेस प्रणालीत प्रत्यक्ष उभी करणे, या दोन्हींचे पदवी स्तरावरील शिक्षण. नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येत असल्याने येथील संलग्न अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांतील अभ्यासक्रम त्या विद्यापीठाच्या चौकटीत चालतो. मुक्त शिक्षणासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालयही नाशिकमध्येच आहे.

विषयाचा पाया संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी आयबीएम या संगणक कंपनीत असताना १९७० मध्ये मांडलेले रिलेशनल प्रारूप (माहिती परस्परांशी जोडता येणाऱ्या टेबलांत मांडण्याची पद्धत) हा आहे. पीटर चेन यांची ईआर डायग्रामची (घटक व त्यांचे संबंध आकृतीत दाखवण्याची) पद्धत १९७६ मधली, तर एसक्यूएल ही डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा आयबीएममध्येच घडून १९८६ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झाली.

रचनेचे बहुतेक प्रश्न लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथील कांदा लिलावाच्या उदाहरणात भेटतात. शेतकरी, व्यापारी, वाहन, बोलीचा दर व वजन असे सगळे एकाच टेबलमध्ये लिहिले, तर शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक त्याच्या प्रत्येक लिलावाच्या ओळीत पुन्हा येतो. खाते बदलल्यावर काही ओळी दुरुस्त होतात, काही राहून जातात. परवाना मिळालेला परंतु अद्याप एकही खरेदी न केलेला व्यापारी तर अशा टेबलमध्ये नोंदवताच येत नाही. नॉर्मलायझेशन या दोषांवरचा उपाय आहे : खाते क्रमांक शेतकऱ्यावर अवलंबून आहे, लिलावावर नव्हे, म्हणून तो शेतकऱ्याच्या टेबलमध्ये जातो आणि लिलावाच्या ओळीत फॉरेन की (शेतकऱ्याच्या टेबलमधील ओळीकडे निर्देश करणारी खूण) तेवढी उरते. प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, निवडतानाही व्यवहार माहीत असावा लागतो. एकच शेतकरी एका दिवशी दोन ट्रॅक्टर आणू शकतो, त्यामुळे शेतकरी आणि तारीख यांची जोडी ओळख पटवायला अपुरी पडते, तेथे सौदापट्टीचा (प्रत्येक सौद्याच्या पावतीचा) क्रमांक घेणे अधिक सुरक्षित असते. मात्र पुनरावृत्ती दिसली की ती काढलीच पाहिजे, हा विद्यार्थ्यांमध्ये रुजणारा समज अर्धवट आहे. हमाली व तोलाईचे दर केवळ दरपत्रकाच्या टेबलमध्ये ठेवले आणि पुढे ते बदलले, तर जुनी हिशोबपट्टी नव्या दराने मोजली जाईल. त्या दिवशी आकारलेली रक्कम त्या व्यवहारासोबतच साठवावी लागते.

उभारणीचा भाग प्रॅक्टिकलमध्ये येतो. मायएसक्यूएल, ओरॅकल किंवा पोस्टग्रेस यांवर टेबल तयार करणे, जॉइन (टेबले जोडणे), व्ह्यू (साठवलेल्या क्वेरीतून दिसणारे टेबल), ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारी आज्ञा) व प्रोसीजर (साठवलेला आज्ञासंच) लिहिणे आणि मिनी प्रोजेक्ट करणे हा त्याचा नेहमीचा क्रम असून मोंगोडीबीसारख्या, रिलेशनल नसलेल्या प्रणालींची तोंडओळखही त्यात असते. जर्नल पूर्ण होते, तोंडी परीक्षेत नॉर्मल फॉर्मच्या (नॉर्मलायझेशनच्या पायऱ्यांच्या) व्याख्याही सांगता येतात. पण तयार टेबल हाती देऊन त्यावर क्वेरी (माहिती मागणारी आज्ञा) लिहून घेतल्याने रचनेची पारखच होत नाही, ही या अध्ययनातील खरी उणीव म्हणावी लागेल.

ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण होणारा किंवा रद्द होणारा बदलांचा गट) आणि इंडेक्स (नोंदी लवकर शोधण्यासाठीची सूची) हे दोन घटक लॅबमध्ये सर्वांत कमी जाणवतात. शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम जमा होणे आणि व्यापाऱ्याच्या नावे ती खर्ची पडणे या दोन्ही गोष्टी एकत्र घडाव्यात किंवा एकही घडू नये, याची गरज एकट्याने संगणकावर बसलेल्या विद्यार्थ्याला सहसा भासत नाही. त्यासाठी दोन सत्रे एकाच वेळी उघडून एकाच ओळीत बदल करून पाहावे लागतात. इंडेक्सचेही तसेच : दहा-वीस ओळींच्या टेबलवर तो असला काय आणि नसला काय, उत्तर लगेच येते, लाखो कृत्रिम नोंदी भरून एक्सप्लेन आज्ञेने क्वेरीचा मार्ग तपासला, तर फरक स्पष्ट दिसतो.