मत्स्याहारातून बालकांना होणारी पाऱ्याची बाधा

माशांतून मुलांच्या शरीरात जाणारा पारा बव्हंशी मेथिल पारा या संयुगाच्या रूपात असतो. पाण्याच्या तळाशी प्राणवायू नसलेल्या गाळात काही सूक्ष्मजंतू ते तयार करतात. प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), लहान मासे, मोठे मासे अशा चढत्या क्रमाने ते साचत जाते. म्हणून शार्क, तलवारमासा, मार्लिन अशा दीर्घायुषी भक्षक माशांत त्याचे प्रमाण सर्वाधिक आढळते.

आतड्यातून याचे सुमारे ९५ टक्के शोषण होते. सिस्टीन या अमिनो अम्लाशी जोडलेला मेथिल पारा मेथिओनीनसारखा भासतो आणि त्यामुळे गर्भाला पोसणारी वार व मेंदूभोवतीचा रक्तरोध दोन्ही पार करतो. नाळेच्या रक्तातील प्रमाण मातेच्या रक्ताच्या सरासरी दीडपटीहून अधिक असते. रक्तातील अर्धायुकाल (प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ) सुमारे ५० दिवस असल्याने माशांची निवड गर्भधारणेच्या काही महिने आधीच बदलावी लागते.

जपानमधील मिनामाता येथे पारा साचलेले मासे खाल्ल्याने झालेल्या विकाराची अधिकृत नोंद १ मे १९५६ रोजी झाली. स्वतः फारशी लक्षणे नसलेल्या मातांना तेथे गंभीर मेंदुविकार असलेली मुले झाली. तेथील मेथिल पारा नेमका कोठे तयार झाला, यावर दीर्घकाळ वाद होता. तेथील रासायनिक कारखान्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवताना पाऱ्याचे सल्फेट उत्प्रेरक म्हणून वापरत. हा अकार्बनी पारा खाडीत गेल्यावर बदलला, असे एक मत. नंतरचा पुरावा पाहता तो संयंत्रातच उपपदार्थ म्हणून तयार होऊन सांडपाण्यात गेला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. गाळातील सूक्ष्मजंतूंची प्रक्रिया १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाली. इतर जलाशयांतील माशांत पारा कसा येतो, याचे स्पष्टीकरण तिच्यातून मिळते.

अल्प मात्रेच्या परिणामाविषयी दोन अभ्यास नेहमी समोरासमोर ठेवले जातात. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या मुलांत, सातव्या वर्षी, अवधान, भाषा व स्मरण यांत सूक्ष्म उणिवा आढळल्या. हिंदी महासागरातील सेशेल्समध्ये तसा स्पष्ट परिणाम दिसला नाही. फेरोत पाऱ्याचा मुख्य स्रोत पायलट देवमाशाचे मांस होते, सेशेल्समध्ये नियमित खाल्ले जाणारे सागरी मासे. माशांतील ओमेगा-३ मेदाम्ले पाऱ्याचा परिणाम काही अंशी झाकतात, असे मानल्यास हा विरोध बराच सौम्य होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००० मध्ये सुरक्षित मर्यादा ठरवण्यासाठी फेरोचा आधार अधिक योग्य ठरवला.

अमेरिकी पर्यावरण संस्थेची संदर्भमात्रा (रोज घेतली तरी सुरक्षित मानलेली मात्रा) शरीराच्या दर किलोग्रॅममागे दिवसाला ०.१ मायक्रोग्रॅम आहे; अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त समितीची मर्यादा दर किलोग्रॅममागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम, युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची १.३. पहिल्या मापाने १५ किलोच्या मुलाला आठवड्याला १०.५ मायक्रोग्रॅम चालतात. दर किलोमागे सुमारे १ मिलिग्रॅम पारा असलेल्या तलवारमाशाचा ५७ ग्रॅमचा एकच तुकडा पाच आठवड्यांचा वाटा संपवतो. डबाबंद पांढऱ्या ट्यूनाचा तेवढाच तुकडा सुमारे दोन आठवड्यांचा. तारलीच्या तेवढ्या मांसात जेमतेम १ मायक्रोग्रॅम असतो. अमेरिकी मार्गदर्शनात कमी पाऱ्याच्या माशांचे आठवड्यातून दोन वाटे सुचवले आहेत : १ ते ३ वर्षांसाठी एक वाटा सुमारे २८ ग्रॅम, ४ ते ७ साठी ५७, ८ ते १० साठी ८५ ग्रॅम. मासे पूर्ण बंद करणे मुलाच्या हिताचे नाही.

पारा स्नायूंतील प्रथिनांना बांधलेला असतो. त्यामुळे कातडी वा चरबी काढून तो जात नाही. शिजवताना पाणी उडाल्याने उलट दर ग्रॅममागचे प्रमाण वाढते.

तपासणीत चूक होते ती लघवीच्या नमुन्यावर विसंबल्याने. मेथिल पारा मुख्यतः पित्तावाटे विष्ठेतून जातो, म्हणून संपूर्ण रक्त वा केस तपासावेत. केस महिन्याला सुमारे १ सेंमी. वाढतात, टाळूलगतचे ३ सेंमी. मागील तीन महिन्यांचा हिशेब देतात. धातू बाहेर काढणारे औषध देऊन मग लघवी तपासणे दिशाभूल करणारे आहे. अशा औषधांनी मेंदूची झालेली हानी भरून येत नाही. मुख्य उपाय स्रोत थांबवणे हाच.

जन्मानंतरच्या बाधेविषयीचा पुरावा विरळ आहे. २००६ मध्ये वरील संयुक्त समितीने सुमारे १७ वर्षांपर्यंतच्या मुलांबाबत ठाम निष्कर्ष काढण्याचे टाळले.