निपाणीतला पाणिनी

कागल मागे टाकून कोगनोळीचा नाका ओलांडला की थोड्या वेळात कर्नाटकातली निपाणी येते. तंबाखूची आणि विड्यांची निपाणी. हे नाव मी लहानपणापासून पाट्यांवर वाचत आलो, पण त्यात आणखी एक नाव दडलेलं आहे हे बऱ्याच उशिरा, शाळेत असताना दिसलं. नि, पा, णी यांचे सुटे भाग करा. न, प, ण ही तीन व्यंजनं हाती येतात, आणि ऱ्हस्व वेलांटी, काना, दीर्घ वेलांटी ही तीन स्वरचिन्हं. आता हेच सहा तुकडे पुन्हा जुळवा. प ला काना, ण ला ऱ्हस्व वेलांटी, न ला दीर्घ. पाणिनी! एकही तुकडा उरला नाही, एकही बाहेरून आणावा लागला नाही.

याला इंग्रजीत ॲनाग्रॅम म्हणतात. एका शब्दाची सगळी अक्षरं, प्रत्येक जितक्या वेळा आलं तितक्याच वेळा वापरून, वेगळ्या क्रमाने लावायची आणि दुसरा अर्थपूर्ण शब्द मिळवायचा. मी त्याला अक्षरपालट म्हणतो.

आता संस्कृतचा व्याकरणकार पाणिनी, त्याचा निपाणीशी काडीचाही संबंध नाही. तो शलातुरचा, म्हणजे आजच्या पाकिस्तानात सिंधू आणि काबूल नद्यांच्या संगमाजवळचा. ही जुळणी मराठीच्या शुद्धलेखनाने घडवली आहे. संस्कृतात ‘पाणिनि’चा शेवट ऱ्हस्व आहे, मराठीत शेवटचा इकार दीर्घ लिहितात, म्हणून हिशेब चुकता होतो.

मराठीत हा खेळ खेळताना पहिला प्रश्न हाच येतो की अक्षर कशाला म्हणायचं? रोमन लिपीत प्रत्येक खूण सुटी असते. आपल्याकडे व्यंजन आणि त्याला चिकटलेला स्वर मिळून एक अक्षर होतं. त्यामुळे आपल्याकडे या खेळाच्या दोन पायऱ्या पडतात. सोप्या पायरीत अख्खं अक्षर काना-मात्रेसकट हलवायचं: सकळचा कळस होतो, जहरचं हजर, मगरचं गरम, नदीची दीन. ‘वाचन’ फिरवलं की ‘नवाच’ मिळतं, हे माझं विशेष आवडतं. अवघड पायरीत स्वरचिन्हही सुटं करायचं, जसं निपाणीचं केलं. कुठली पायरी खेळायची ते आधी ठरवावं, नाहीतर भांडणं होतात.

सोप्या पायरीचं एक उदाहरण मराठी घरात पोरासोरांनाही ठाऊक असतं. वाल्या कोळ्याच्या तोंडी ‘राम’ येईना, म्हणून त्याला ‘मरा’ म्हणायला सांगितलं. मरा मरा म्हणता म्हणता राम राम झालं. आमची आजी ही गोष्ट सूप मांडीवर घेऊन विड्या वळता वळता सांगायची, आणि तिथे तिचा हात क्षणभर थांबायचा.

पश्चिमेत या खेळाचा पहिला नामवंत खेळाडू म्हणून ग्रीक कवी लायकोफ्रॉनचं नाव घेतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तो अलेक्झांड्रियात दुसऱ्या टॉलेमीच्या दरबारी होता. राजाच्या नावाची ग्रीक अक्षरं दहा. ती फिरवून त्याने ‘मधापासून झालेला’ अशा अर्थाचे शब्द काढले, तर राणी आर्सिनोईच्या नावातून ‘हेरा देवीचं जांभळं फूल’. दरबारी स्तुतीच ती, पण बांधणी चोख.

सतराव्या शतकात हाच खेळ शास्त्रज्ञांनी कुलूप म्हणून वापरला. शोध तर लागला आहे, पण खात्री व्हायची आहे, आणि तोवर दुसऱ्याने श्रेय नेऊ नये. मग शोधाचं वाक्य अक्षरं विस्कटून जाहीर करायचं. १६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून शनी पाहिला. त्याला तो तीन गोळ्यांचा दिसला. ती कडी आहेत हे त्याला कळलं नव्हतं. ‘सर्वांत उंच ग्रह मी तिहेरी पाहिला’ असं लॅटिन वाक्य त्याने ३७ अक्षरांच्या गोंधळात दडवून पाठवलं. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने ते सोडवायला घेतलं, आणि त्याला त्यात मंगळाच्या जुळ्या पुत्रांना केलेलं वंदन सापडलं. म्हणजे मंगळाला दोन चंद्र! गॅलिलिओला तसं म्हणायचं नव्हतं. पण मंगळाला खरोखरच दोन चंद्र आहेत. ते १८७७ मध्ये सापडले. चुकीच्या उकलीतून निघालेली बरोबर गोष्ट म्हणून हा किस्सा मला कधी शिळा वाटत नाही. स्प्रिंग ताणावी तितकी ओढते हा रॉबर्ट हूकचा नियमही १६७६ मध्ये असाच १४ अक्षरांच्या कुलपात बंद होता. त्याने तो १६७८ मध्ये उघडला.

आपल्याकडे अक्षरांच्या अदलाबदलीकडे व्याकरणाच्या अंगानेही पाहिलं गेलं, आणि इथे पाणिनी खरोखरच येतो. अष्टाध्यायी या त्याच्या व्याकरणग्रंथात ‘पृषोदरादीनि यथोपदिष्टम्’ असं सूत्र आहे. जे शब्द नियमांत बसत नाहीत पण जाणत्यांच्या तोंडी आहेत, ते जसे आहेत तसे मान्य करावेत, असा त्याचा आशय. या सूत्राच्या विवरणात पुढच्या वैयाकरणांनी ‘सिंहो वर्णविपर्ययात्’ असं सांगितलं. हिंस् धातूतले ह आणि स जागा बदलतात आणि सिंह उभा राहतो. अनुस्वार आणि इकार जागचे हलत नाहीत, फक्त व्यंजनं हलतात. त्याच्याही आधी यास्काने निरुक्त या शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या ग्रंथात आद्यन्तविपर्यय, म्हणजे पहिलं-शेवटचं अक्षर उलटणं, वेगळं नोंदवलं होतं.

हा वर्णविपर्यय आजही चालू आहे. पाऊस लांबला की आमच्याकडचा शेतकरी म्हणतो, “लई नुसकान झालं बघा.” नुकसानमधले क आणि स त्याच्या जिभेवर जागा बदलतात. मतलबचं मतबल होतं ते असंच. शाळेत असताना मी ‘नुसकान’ लिहिलं म्हणून वहीवर लाल रेघ आली होती. रेघ बरोबरच होती, पण शब्द अडाणी नव्हता. जिभेची ही सवय यास्काला ठाऊक होती.

एका शब्दातून किती पालट निघतात, याचं गणित भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत मांडलं; त्या प्रकरणाचं नाव अंकपाश. उदाहरण सुंदर आहे: शंभूच्या दहा हातांतल्या दहा वस्तूंची अदलाबदल केली तर किती वेगळ्या मूर्ती होतील? ३६,२८,८००. आणि चार हातांच्या हरीच्या? २४. हाच हिशेब निपाणीला लावू. अख्खी अक्षरं हलवली तर ६ पालट मिळतात, त्यातला एक ‘पाणी नि’ असा वाचता येतो. व्यंजनं आणि स्वर वेगळे केले तर ६ गुणिले ६, म्हणजे ३६, आणि त्यातला एक पाणिनी. एखादं अक्षर दोनदा आलं की संख्या घटते, हेही लीलावतीत आहे. म्हणून गदगची अक्षरं तीन असूनही पालट तीनच: गदग, गगद, दगग.

गदग उलट वाचलं तरी गदगच राहतं. पण तो विलोम, अक्षरपालटाचा सख्खा भाऊ. त्यात क्रम मोडत नाही, नुसता उलटतो. याच लीलावतीवर टीका लिहिणाऱ्या पाथरीच्या सूर्यदासाने सोळाव्या शतकात एक अख्खं काव्य असं रचलं की सुलट वाचलं तर रामकथा आणि उलट वाचलं तर कृष्णकथा.

आणि च ची भाषा? शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि सुरुवातीला च लावायचा. आजीचा डोळा लागला असं वाटून आम्ही भावंडं कुजबुजायचो, “चजीआ चपलीझो.” सुपातून उत्तर यायचं, “चहीना चपलीझो!” शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीला दर शब्दाचं पहिलं अक्षर नेमकं कुठे संपतं ते कळत होतं. अक्षर कागदावर नसतं, कानात असतं, हे मला तिच्याकडून कळलं.

कन्नड लिपीही अशीच अक्षराची आहे, व्यंजनाला स्वर चिकटलेला. त्यामुळे सीमाभागातल्या पोरांना हा खेळ दोन्ही भाषांत त्याच नियमांनी खेळता येतो. माझ्या वर्गातल्या कन्नड मित्राला मी निपाणीचा पाणिनी करून दाखवला तेव्हा त्याने तो लगेच आपल्या लिपीत करून पाहिला. कन्नडमध्ये गावाचं नाव निप्पाणि असं लिहितात, प वर जोर देऊन, आणि जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पहिल्याच्या पायाशी येतं. शेवटचा इकार तिथे ऱ्हस्व, पण पाणिनीही तिथे ‘पाणिनि’च असतो, म्हणजे तेवढं जमलं. त्याने एकेक तुकडा खोडत नेला. न गेला, ण गेला, काना गेला, दोन्ही वेलांट्या गेल्या, प गेला. कागदावर दुसरा प तेवढा उरला. त्याचं काय करायचं यावर आमची मधली सुट्टी संपली.