इंग्लंडची शिकारचित्रे: घोडा, कुत्रे आणि जमीन

इंग्लंडमधील जमीनदारांच्या वाड्यांत आणि गावोगावच्या जुन्या खानावळींत लाल कोटातले घोडेस्वार, पांढऱ्या-तपकिरी कुत्र्यांचा तांडा आणि हिवाळ्यातली ओली कुरणे रंगवलेली चित्रे हमखास आढळतात. ‘फॉक्स हंटिंग’ची चित्रे म्हणून ती ओळखली जातात, मात्र ज्याच्यामागे ही सगळी धावपळ चालली आहे तो प्राणी त्यांत बहुधा दूरचा तांबूस ठिपका असतो, किंवा नसतोच. (मराठीत फॉक्सला सर्रास कोल्हा म्हटले जाते, पण आपला कोल्हा म्हणजे जॅकल, फॉक्सचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे खोकड. इंग्रजांनी उटकमंडला, म्हणजे आजच्या उटीला, शिकारी कुत्रे नेले तेव्हा त्यांनी पाठलाग केला तो मात्र खऱ्या कोल्ह्याचा.)

सतराव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये राजेरजवाड्यांची शिकार म्हणजे हरणाची शिकार, आणि फॉक्स हा कोंबड्या पळवणारा उपद्रवी प्राणी म्हणून मिळेल त्या मार्गाने मारला जाई. 1642 ते 1651 या काळातील यादवी युद्धात राखीव हरणवने उद्ध्वस्त झाली, पुढे शेतीचा विस्तार होत गेला आणि हरणे कमी झाल्यावर उमरावांचे लक्ष या हलक्या समजल्या गेलेल्या सावजाकडे वळले. याच शतकात फ्रान्सिस बार्लो याने शिकारीची आणि पशुपक्ष्यांची चित्रे काढली. इंग्रजी शिकारचित्रांची सुरुवात सामान्यतः त्याच्यापासून मानतात. त्याच्यानंतर जॉन वूटन, जेम्स सेमूर आणि अँटवर्पहून आलेला पीटर टिलमन्स यांनी न्यूमार्केट गावच्या घोड्यांच्या शर्यतींच्या जोडीने शिकारीचे विषयही हाताळले.

या चित्रांना त्यांचे ओळखीचे रूप मिळाले ते लेस्टरशायरमध्ये झालेल्या दोन बदलांमुळे. ह्यूगो मेनेल या जमीनदाराने 1753 पासून सुमारे अर्धे शतक ‘क्वॉर्न’ या शिकारी तांड्याचे नेतृत्व करताना वेगवान आणि तीक्ष्ण नाकाच्या कुत्र्यांची पैदास केली. पूर्वी शिकार पहाटे निघे, तेव्हा रात्रभर खाऊन जड झालेले सावज फार पळत नसे. मेनेलच्या काळात ती उशिरा सकाळी निघू लागली आणि पाठलाग दीर्घ व भरधाव झाला. त्याच सुमारास पार्लमेंटच्या कायद्यांनी गावांच्या सामाईक जमिनी खासगी मालकीत जाऊन त्यांना काटेरी झुडपांची कुंपणे पडली. गरीब शेतकऱ्यांच्या हातून चराईचा हक्क गेला. घोडेस्वारांना मात्र उडी मारण्यासाठी अडथळे मिळाले, आणि कुंपणावरून झेपावणारा घोडा हा चित्रकारांचा आवडता विषय झाला.

या परंपरेतील सर्वांत मोठे नाव जॉर्ज स्टब्ज (1724–1806) याचे. लिंकनशायरमधील हॉर्कस्टो या खेड्यातल्या एका घरात त्याने सुमारे दीड वर्ष मेलेल्या घोड्यांचे थर थर विच्छेदन करून रेखाटने केली आणि 1766 मध्ये घोड्याच्या शरीररचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. तरीही रॉयल अकादमीच्या दृष्टीने ऐतिहासिक आणि पौराणिक चित्रे श्रेष्ठ होती, ‘घोड्यांचा चित्रकार’ खालच्या पायरीवरचा. ग्राहकांचा हिशेब उलटा होता: घोड्याच्या चित्राला पन्नास गिनी (त्या काळचे सोन्याचे नाणे) देणाऱ्याला बायकोच्या चित्राला दहा गिनी जास्त वाटतात, असे घोड्यांचा चित्रकार बेन मार्शल म्हणाल्याचे सांगतात. हे वाक्य विनोदी असले तरी या व्यवहाराचे मर्म त्यात आहे, कारण चित्र मागवणाऱ्याला पाठलागाचा थरार हवा असेच, पण त्याहून आपला घोडा, आपले कुत्रे आणि आपली जमीन ओळखू येतील अशी नोंद हवी असे. मार्शलचा शिष्य जॉन फर्नली हा चाके घडवणाऱ्या सुताराचा मुलगा. तो लेस्टरशायरमधील मेल्टन मोब्रे या गावी स्थायिक झाला, जिथे तीन प्रसिद्ध तांड्यांची शिकारक्षेत्रे एकमेकांना भिडत, आणि ग्राहक त्याच्या दारात येत.

हेन्री आल्कन याच्या हाताने रंगवलेल्या छापील चित्रांमुळे एकोणिसाव्या शतकात हा विषय वाड्यांबाहेर पडून खानावळी आणि मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचला. त्यांतील घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगताना दिसतात. 1878 मध्ये एडवर्ड मायब्रिज याने अमेरिकेत घेतलेल्या छायाचित्रांनी दाखवून दिले की दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. त्यामुळे विसाव्या शतकातील आल्फ्रेड मनिंग्ज आणि लायोनेल एडवर्ड्स यांचे घोडे वेगळे धावतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी फॉक्सची शिकार करण्यावर 2004 च्या कायद्याने बंदी आणली, जी फेब्रुवारी 2005 पासून लागू झाली. त्यानंतरही तांडे टिकून राहिले आणि आधी टाकून ठेवलेल्या वासाच्या मागावर कुत्रे सोडण्याची पद्धत रूढ झाली. तिच्या आडून खरी शिकार चालते, असा विरोधकांचा आरोप आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी गावाच्या चौकात भरणारा घोडेस्वारांचा मेळा मात्र आल्कनच्या चित्रांतल्यासारखाच दिसतो.