नमुना-मूल्य

सरकारी निरीक्षकाने तपासणीसाठी दुकानातून, गोदामातून किंवा कारखान्यातून घेतलेल्या मालाबद्दल सरकारने व्यापाऱ्याला चुकती करायची किंमत म्हणजे नमुना-मूल्य. पुण्याच्या पेठांत याला ‘सॅम्पलचे पैसे’ म्हणतात आणि नमुना घेण्याला ‘सॅम्पल उचलणे’. बाजाराने रुळवलेला हा ‘उचलणे’ शब्द कायद्याला मात्र मान्य नाही. अन्न सुरक्षा अधिकारी माल उचलत नाही, तो विकत घेतो.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, पण त्याचा अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाला. त्याच्या कलम ३८(३) नुसार, नमुना घेतल्यावर तो जिन्नस लोकांना सामान्यतः ज्या दराने विकला जातो त्या दराने त्याची किंमत चुकती करावी लागते. आधीच्या १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या कलम १०(३) मध्येही हेच होते. दर कोणता, हे पाहण्यासारखे आहे. दुकानदाराला माल कितीला पडला हे येथे गैरलागू. रविवार पेठेतल्या किराणा दुकानात गिऱ्हाइकाला हळद ज्या भावाने मिळते, तोच भाव साहेबांना.

ही किंमत म्हणजे नुकसानभरपाई आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. दोन्ही कायद्यांच्या ‘विक्री’च्या व्याख्येत विश्लेषणासाठी केलेली विक्रीही धरलेली आहे. म्हणजे पैसे दिले-घेतले की व्यवहार विक्रीचा ठरतो, आणि ‘मी विकलेच नव्हते, साहेबांनी नेले’ हा बचाव लंगडा पडतो. इंग्लंडच्या १८७५ च्या अन्न व औषध विक्री कायद्यातही अधिकारी गिऱ्हाइकासारखा किंमत पुढे करी, आणि ती घेऊन माल द्यायला नकार दिल्यास दुकानदाराला दंड होई. आपल्याकडची पद्धत त्याच वळणाची आहे. त्यामुळे ‘राहू द्या साहेब, एवढ्याशा खव्याचे काय पैसे घ्यायचे’ हा दुकानदाराचा दिलदारपणा दोन्ही बाजूंना अडचणीचा. पावती फाडणे, तिच्यावर तारीख, वजन आणि दर लिहिणे यात खरे शहाणपण. पुढे प्रकरण उभे राहिले तर कोणता माल, किती आणि केव्हा गेला, याचा तोच पहिला कागद असतो.

रक्कम किती होते हे जिनसेवर अवलंबून. नमुन्याचे चार भाग करतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे नमुना घेणाऱ्याच्या वरिष्ठाकडे, राहतात आणि चौथा व्यापाऱ्याने मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला जातो. त्या चौथ्या तपासणीचा खर्च व्यापाऱ्याच्याच माथी. दोन अहवाल जुळले नाहीत तर निर्देश प्रयोगशाळेचा, म्हणजे असा वाद मिटवण्यासाठी ठरवलेल्या प्रयोगशाळेचा, शब्द अखेरचा. २०११ च्या विनियमांतल्या तक्त्यात दुधासाठी ५०० मिलिलिटर आणि केशरासाठी २० ग्रॅम असे एका भागाचे प्रमाण आहे. म्हणजे दूधवाल्याचे दोन लिटर जाते, ते तो हसत देईल. केशरवाल्याचे मात्र ८० ग्रॅम जाते, आणि केशराचा भाव ग्रॅममागे शेकड्यांत असतो. किंमत देण्याचे बंधन नसते तर महागड्या मालाची तपासणी म्हणजे दुकानदारावर बसवलेला करच झाला असता.

औषधांचा कायदा १९४० चा आणि या बाबतीत अधिक काटेकोर. कलम २३ प्रमाणे निरीक्षकाने ‘रास्त किंमत’ पुढे करायची, आणि तिची लेखी पोच तो मागू शकतो. सदाशिव पेठेतल्या एखाद्या घाऊक विक्रेत्याने पैसे नाकारलेच, तर त्यासाठीही वेगळी पावती ठरलेली आहे, फॉर्म १७-अ. नकाराचाही छापील कागद असावा, ही सरकारी दूरदृष्टी दाद देण्यासारखी.

पुण्याचे या विषयाशी जुने नाते आहे. १९५४ च्या कायद्याखाली देशात ज्या चार मध्यवर्ती अन्न प्रयोगशाळा होत्या, त्यांत कोलकाता, म्हैसूर व गाझियाबादबरोबर पुण्याची राज्य आरोग्य प्रयोगशाळा होती. आज शहरात नमुने घेण्याचे काम अन्न व औषध प्रशासन करते. गणपती आणि दिवाळीच्या तोंडावर खवा, पनीर, तूप, तेल यांच्या मागे पथके लागतात.

खरी रड इथेच आहे. विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत यावा असे कायदा सांगतो, पण खव्याला तेवढे आयुष्य कुठे? नमुन्यापुरते पैसे हातावर पडतात आणि उरलेला साठा जप्तीत किंवा ‘विकू नये’ या अटीवर, हमीपत्र लिहून, दुकानदाराच्याच ताब्यात अडकतो. नमुना-मूल्य त्या साठ्याला लागू नाही. नाशवंत माल खाण्यालायक उरला नाही, तर लेखी नोटीस देऊन तो नष्ट करता येतो. १९५४ च्या कायद्याच्या कलम ११(६) मध्ये निदान एक झरोका होता: जप्त माल निर्दोष ठरला तर तो परत द्यायचा, आणि प्रत्यक्ष नुकसानीच्या मर्यादेत भरपाई द्यावी की नाही हे दंडाधिकाऱ्याने ठरवायचे. २००६ च्या कायद्याचे कलम ३९ दुसऱ्या टोकाने येते. विनाकारण, छळण्यासाठी माल जप्त करणाऱ्या अधिकाऱ्यालाच ते एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. तो दंड व्यापाऱ्याच्या गल्ल्यात पडत नाही.

ग्राहकालाही विकत घेतलेला जिन्नस शुल्क भरून विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. माल दोषी निघाला तर कलम ४० नुसार ते शुल्क त्याला परत मिळते.

सगळेच कायदे इतके हिशेबी नाहीत. १९६६ च्या बियाणे कायद्यात किंमत आहे, पण मागितली तर. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १५४ मध्ये फक्त पावतीचा उल्लेख आहे, किमतीचा नाही. सीमाशुल्क कायदा (१९६२) आणखी वेगळा: तळेगावच्या कंटेनर आगारात काढलेला नमुना काम झाल्यावर शक्य तर मालकाला परत, तीन महिन्यांत नेला नाही तर त्याची विल्हेवाट. आणि तपासणीत खर्ची पडलेल्या नमुन्यावरचे शुल्क माफ होते, मात्र ते पाच रुपये किंवा त्याहून जास्त असेल तरच.