‘पहिला’ कोण? सामान्य ज्ञानाच्या प्रश्नांमागची पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या कोणत्याही अभ्यासिकेत सकाळी डोकावले, तर टेबलावर राज्यघटनेची प्रत आणि चालू घडामोडींचे मासिक यांच्या शेजारी सामान्य ज्ञानाचे एक जाडजूड पुस्तक दिसते, आणि बहुतेक वेळा ते जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेले असते. अशाच एका प्रतीत ‘महाराष्ट्रातील जिल्हे : ३५’ हा छापील आकडा निळ्या पेनाने खोडून ३६ केलेला होता आणि समासात बारीक अक्षरात ‘पालघर, १ ऑगस्ट २०१४’ असे लिहिलेले होते. ग्रहांच्या यादीतल्या नवव्या ओळीवर त्याही आधीच्या कोणा मालकाने काट मारली होती, कारण २००६ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेने प्लुटोची गणना बटुग्रहांत केली. हातोहात फिरलेले असे पुस्तक चाळले, की सामान्य ज्ञानाची उत्तरे किती वेगाने जुनी होतात ते समजते.

कोडी, उखाणे आणि महाभारतातील यक्षप्रश्न यांच्यापर्यंत ही परंपरा मागे नेता येते, परंतु आज ज्याला आपण सामान्य ज्ञान म्हणतो त्याला घडवले ते स्पर्धा परीक्षेने. कोल्हापूरची जमीन त्यासाठी आधीपासून तयार होती. शहरातले सर्वात जुने वाचनालय १८५० सालचे आहे, १९०१ पासून येथे विविध समाजांची वसतिगृहे उभी राहिली, आणि २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागास वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. चंदगड, गगनबावडा, राधानगरी या तालुक्यांतून खोली भाड्याने घेऊन अभ्यासाला येणारी आजची मुले त्याच वाटेने येतात, ही गोष्ट या विषयावर लिहिताना विसरता येत नाही.

पूर्वी प्रश्नमंजूषा म्हणजे शाळेचे स्नेहसंमेलन किंवा रेडिओवरचा कार्यक्रम. २००० साली दूरचित्रवाणीवर कोटीचे बक्षीस देणारा खेळ सुरू झाला आणि चार पर्यायांचा प्रश्न घराघरांत पोहोचला. खरा फरक मात्र त्यानंतर, उत्तरतालिका जाहीर करून तिच्यावर हरकती मागवण्याच्या पद्धतीने पडला. प्रश्नातला एखादा शब्द गाळला गेला, तर पूर्वी फार तर एक करंडक हुकत असे. आता एका गुणाने एखाद्याचे संपूर्ण वर्ष जाते. म्हणूनच या क्षेत्रातल्या सर्वात गुंतागुंतीच्या शब्दाकडे, म्हणजे ‘पहिला’ या शब्दाकडे, बारकाईने पाहणे आवश्यक आहे.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका शालेय स्पर्धेत असा प्रश्न आला : ‘ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिले?’ कोल्हापुरात या प्रश्नाचे उत्तर लहान मूलही देईल. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे असले, तरी त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण आणि कुस्ती दोन्ही कोल्हापूरच्या मातीत झाली. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला आणि खाशाबा तेथे सहावे आले; १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण टाकले. तेथे बँटमवेट गटात त्यांना कांस्यपदक मिळाले. त्या स्पर्धेतल्या एका मुलीने मात्र ‘नॉर्मन प्रिचर्ड’ असे उत्तर दिले. ते चूक ठरवण्यात आले, तेव्हा ती जागची न हलता म्हणाली, ‘सर, प्रश्नात स्वतंत्र भारत असं म्हटलेलं नाही.’

तिचे म्हणणे योग्य होते. कोलकात्यात जन्मलेल्या प्रिचर्ड यांनी १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळ्यांची शर्यत यांत दोन रौप्यपदके मिळवली होती. ऑलिम्पिकची जागतिक समिती ही पदके भारताच्या खात्यावर धरते. ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत मात्र तीच पदके ब्रिटनच्या नावावर दाखवली. दोन्ही संस्था अधिकृत असताना प्रश्न काढणाऱ्याने कोणाचे मानावे? उत्तर खाशाबाच हवे असेल, तर ‘स्वतंत्र’ हा शब्द घालणे हाच एक प्रामाणिक मार्ग आहे. त्यामुळे खाशाबांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. उलट, विशेषण गाळून त्यांना ‘पहिले’ ठरवले, तर कोणी एक जुनी नोंद दाखवताच त्यांच्या पदकाविषयी उगाच वाद निर्माण होतो, आणि तो अन्याय त्यांच्यावरच होतो.

चित्रपटांच्या बाबतीतही हेच घडते. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला, तर ‘श्री पुंडलिक’ त्याच्या जवळजवळ वर्षभर आधी, १८ मे १९१२ रोजी. ‘पुंडलिक’ हे नाटकाचे चित्रण होते, त्याचा छायाचित्रकार परदेशी होता आणि त्यावरची प्रक्रिया लंडनमध्ये झाली होती. म्हणून पहिल्या भारतीय कथापटाचा मान ‘हरिश्चंद्र’कडे गेला. ही कारणे पटण्यासारखी आहेत, पण प्रश्नपत्रिकेत ती कोठेही लिहिलेली नसतात.

भूगोलातला कोल्हापूरचा हमखास प्रश्न पंचगंगेचा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या डोळ्यांना दिसतात आणि पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. ‘किती नद्यांचा संगम?’ असे विचारले, तर प्रयाग चिखलीच्या घाटावर उभा असलेला माणूस पाच म्हणेल आणि नकाशा पाहणारा चार. संगीतात अल्लादियाखाँ यांच्या घराण्याचे नाव जयपूर-अत्रौली. त्यात कोल्हापूर नाही, पण शाहू महाराजांच्या आश्रयाने खाँसाहेबांनी आयुष्यातली कितीतरी वर्षे याच शहरात गायन केले. घराण्याचे नाव पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हा संबंध बहुधा कोणी सांगत नाही. जयंत नारळीकर यांच्याविषयीही जन्मस्थान कोल्हापूर, वर्ष १९३८ एवढेच विचारले जाते. त्यांनी ज्यावर काम केले, तो विश्वाच्या स्थिर स्थितीचा सिद्धांत पर्यायांत येतच नाही.

अलीकडच्या घडामोडींनी ‘पहिला’ या शब्दाची कसोटी पुन्हा लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवणारे ते महाराष्ट्राचे दुसरे खेळाडू ठरले, आणि या नेमबाजी प्रकारात पदक जिंकणारे पहिले भारतीय. त्याच स्पर्धेत मनू भाकर यांनी एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन पदके मिळवली, तेव्हा बातम्यांनी ‘स्वतंत्र भारताच्या पहिल्या खेळाडू’ असे काळजीपूर्वक लिहिले, कारण १२४ वर्षांपूर्वी प्रिचर्ड यांना एकाच ऑलिम्पिकमधली ती दोन रौप्यपदकेही पॅरिसमध्येच मिळाली होती.