खिडकीआडचं अंडं आणि नकाशावरचे ठिपके

'ग्रँड थेफ्ट ऑटो: व्हाइस सिटी' हा गेम २००२ साली आला आणि पुढची काही वर्षं पुण्यातल्या सायबर कॅफेंमध्ये तासाच्या हिशेबानं खेळला गेला. त्या काल्पनिक शहरात १०० 'हिडन पॅकेज' दडवलेली होती. दर १० पॅकेजं सापडली की खेळाडूच्या घरी काहीतरी नवं हजर व्हायचं, बहुतेकदा एखादं शस्त्र. त्याच शहरात एका न्यूज चॅनेलच्या उंच इमारतीला एक खिडकी होती. दिसायला इतर खिडक्यांसारखीच, पण शेजारच्या इमारतीवरून झेप घेतली की खेळाडू काचेतून थेट आत. आतल्या खोलीत चॉकलेटचं एक अंडं आणि त्यावर ईस्टरच्या शुभेच्छा. पैसे नाहीत, बंदूक नाही.

पॅकेजांच्या जागा दाखवणारे नकाशे इंटरनेटवर मिळत आणि ते शेजारी ठेवून पॅकेजं गोळा करता येत. खिडकीची गोष्ट मात्र तोंडोतोंडी पसरली. आणि ती एकदा सापडली की शहरातली प्रत्येक खिडकी संशयास्पद वाटू लागायची. शंभरावं पॅकेज मिळाल्यावर शोध संपत होता, तर अंडं मिळाल्यावर सुरू होत होता. ओपन-वर्ल्ड गेममध्ये, म्हणजे जिथे मोकळ्या जगात हवं तिकडे भटकता येतं तिथे, खेळाडूचं कुतूहल टिकतं की विझतं, हे बक्षीस किती मोठं यावर फारसं ठरत नाही. ते खेळाडूच्या स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आलं का, आणि त्यातून पुढचा प्रश्न निघाला का, यावर ठरतं, असं मला ठामपणे वाटतं. मेंदूविज्ञान आणि मानसशास्त्रातले काही प्रयोग याच बाजूने बोलतात.

डोपामिन म्हणजे 'आनंदाचं रसायन' असं आपण सर्रास म्हणतो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून वेगळं चित्र समोर आलं. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की त्याच्या डोपामिन पेशी जोरात संदेश पाठवत. रसाआधी दरवेळी दिवा लागतो हे त्याला उमगल्यावर पेशी दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळताना गप्प राहिल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांचा वेग नेहमीपेक्षाही खाली गेला. म्हणजे या पेशी बक्षीस मोजत नव्हत्या. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत मोजत होत्या. शुल्ट्झ, डायन आणि मॉण्टेग्यू यांनी १९९७ साली ही कल्पना नीट मांडली. गेमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक छावणीच्या मागे तीच पेटी आणि प्रत्येक पेटीत तेवढीच नाणी असली, की दहाव्या पेटीपर्यंत मेंदूला शिकण्यासारखं काही उरत नाही.

मग पेटीत कधी काय निघेल हे अनिश्चित ठेवलं तर? मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर हेच करून पाहिलं होतं. किती टोचांनंतर दाणा मिळेल हे ठरलेलं नसलं की कबुतर न थकता बटणावर टोचत राहतं. जुगाराची यंत्रं आणि आजच्या गेममधले पैसे देऊन उघडायचे, आत काय निघेल हे आधी न कळणारे 'लूट बॉक्स' याच तत्त्वावर चालतात. यानं माणूस खिळून राहतो, पण कबुतराला त्या बटणाबद्दल कुतूहल वाटतं असं कोणी म्हणणार नाही.

सवय आणि कुतूहल यांतला हा फरक सर्वात स्वच्छ दिसला तो संगणकांच्या बाबतीत. 'मॉण्टेझुमाज रिव्हेंज' या जुन्या गेममध्ये पहिली चावी मिळवण्याआधी शिड्या, दोर, उड्या असा लांब रस्ता कापावा लागतो आणि वाटेत एकही गुण मिळत नाही. गूगलच्या डीपमाइंड कंपनीचा जो प्रोग्राम अटारी या जुन्या गेम-यंत्राचे कित्येक गेम माणसापेक्षा चांगले खेळत होता, त्याला २०१५ साली इथे भोपळाही फोडता आला नाही. म्हणून संशोधकांनी प्रोग्रामला कुतूहलच बक्षीस म्हणून दिलं. पुढे काय दिसेल याचा तुझा अंदाज जितका चुकेल, तितके गुण तुला. त्यामुळे प्रोग्राम खरोखर अनोळखी जागा शोधत फिरू लागले. पण २०१८ मध्ये एका चाचणीत चक्रव्यूहाच्या भिंतीवर टीव्ही लावला आणि चॅनेल बदलायचं बटण प्रोग्रामच्या हाती दिलं, तेव्हा तो चक्रव्यूह विसरून टीव्हीसमोरच अडकला. पुढचं चित्र कोणतं येईल हे सांगता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक चित्र 'नवं' होतं. शिकण्यासारखं मात्र त्यात काहीच नव्हतं. लूट बॉक्सला मी हाच टीव्ही समजतो, आणि शाळकरी मुलांच्या हातातल्या फोनवर तो सतत चालू असतो याची मला मनापासून चिंता वाटते.

माणसाच्या कुतूहलाबद्दल अर्थतज्ज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ साली एक साधी मांडणी केली. आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत हवं आहे, या दोहोंमधली फट जाणवली की कुतूहल जागं होतं. काहीच माहिती नसेल तर फट दिसत नाही, सगळी असेल तर ती उरत नाही. २००९ साली अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेच्या गटाने लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारून मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा उत्तर 'जिभेवर आहे पण खात्री नाही' अशा मधल्या स्थितीत कुतूहल सर्वाधिक होतं. त्याच वर्षी ब्रॉमबर्ग-मार्टिन आणि हिकोसाका यांनी दाखवलं, की आपल्याला मोठं बक्षीस मिळणार की छोटं, हे आधी कळवणारी खूण माकडं आवर्जून निवडतात. कळल्यामुळे बक्षिसात काहीच फरक पडत नसला, तरीही. नुसती माहिती हेसुद्धा मेंदूला बक्षीसच वाटतं.

आता नकाशावरच्या ठिपक्यांकडे येऊ. गेली पंधरा-वीस वर्षं अनेक मोठ्या गेममध्ये एक ठरलेला साचा दिसतो. मनोऱ्यावर चढा, की त्या भागाच्या नकाशावर डझनभर चिन्हं उमटतात. इथे पेटी, तिथे शत्रू, पलीकडे शर्यत, आणि कोपऱ्यात किती टक्के झालं त्याचा आकडा. प्रश्न पडायच्या आतच उत्तर हातात.

यानं काय बिघडतं ते समजायला १९७३ चा एक प्रयोग उपयोगी पडतो. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या आवारातल्या बालवाडीत स्केचपेननं आवडीनं चित्रं काढणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, 'चित्र काढलंस तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल.' काहींना चित्र झाल्यावर अवचित तेच प्रशस्तिपत्र दिलं, काहींना काहीच नाही. नंतर वर्गात पेनं पुन्हा ठेवली, कोणतंही आमिष न दाखवता. ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अवचित बक्षीस मिळालेल्यांची गोडी कमी झाली नव्हती. कागद तोच, प्रशस्तिपत्रही तेच, पण 'कशासाठी' याचं उत्तर बदललं होतं. शंभर टक्क्यांचा आकडा भटकंतीचं हेच करतो. डोंगरापलीकडे काय आहे म्हणून गेलेला खेळाडू आता कोपऱ्यातला आकडा हलवायला जातो.

निन्टेन्डोच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड'नं २०१७ मध्ये ही गाठ फार सुंदर सोडवली. त्यातही मनोरे आहेत, पण चढल्यावर मिळतो फक्त भूगोल: नद्या, कडे, रस्ते. खुणा खेळाडूने स्वतः दुर्बिणीतून पाहून लावायच्या. निर्मात्यांनी जमिनीच्या आकारांमागचा विचारही जाहीरपणे सांगितला आहे. टेकड्या त्रिकोणी ठेवल्या, म्हणजे चढावं की वळसा घालावा हे खेळाडूच ठरवतो, आणि वळसा घालताना मागे झाकलेलं काहीतरी हळूहळू दिसू लागतं. लोवेनस्टाइनची फट त्यांनी जमिनीतच कोरली म्हणायची. कोरोक नावाच्या छोट्या वनजीवांच्या तब्बल ९०० बिया त्या जगात आहेत. झोळी वाढवायला त्यातल्या निम्म्याही लागत नाहीत. सगळ्या गोळा करणाऱ्याला शेवटी विष्ठेच्या आकाराची सोनेरी वस्तू मिळते, जिचा उपयोग शून्य. काही खेळाडू यावर चिडले. मला मात्र हा निर्णय पूर्ण पटतो. एखादा दगड विचित्र जागी का आहे असं वाटून तो उचलावा आणि खाली कोरोक सापडावा, एवढ्यापुरतीच ती बी होती.

२०१९ चा 'आउटर वाइल्ड्स' याहून पुढे गेला. तिथे शस्त्रं नाहीत, ताकद वाढत नाही. दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि सगळं मुळापासून सुरू होतं. टिकतं फक्त कळलेलं. पहिल्या फेरीत जो दरवाजा समजला नव्हता, तो नंतर उघडता येतो, कारण मधल्या काळात खेळाडू शहाणा झालेला असतो.

पुण्यात गेम बनतात. 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' हा २०२० मध्ये आलेला गेम इथल्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा. तो ओपन-वर्ल्ड नाही, पण आपल्या भूमीतल्या कथा आणि वास्तू घेऊन गेम करता येतो हे त्यानं दाखवलं. इथे कोणी उद्या मोकळं जग रचायला बसलं, तर त्याला कात्रजच्या नळापाशी जावं असं मी सुचवेन. पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात आणलं गेलं, आणि वाटेत हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास, म्हणजे जमिनीवर डोकावणारे हवेचे बांधीव खांब, बांधले. पेठेतल्या गल्लीत असा एक उच्छ्वास दिसला की पहिला प्रश्न पडतो, हे काय आहे? दुसरा दिसला की कळतं, हे सुटं नाही, ओळ आहे. मग ती ओळ कुठून येते आणि खाली काय आहे, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. गेममध्ये याचा नाश करायला एक ओळ पुरेल: पडद्यावर 'उच्छ्वास ३/४०, बक्षीस ५०० मोहरा'. आणि टिकवायचं असेल तर दुसरा उच्छ्वास पहिल्यापासून इतक्या अंतरावर हवा, की दोन घरांमधल्या फटीतून त्याचं टोक तेवढं दिसावं.

हे चाचणीतही तपासता येतं. एका भागातली सगळी चिन्हं काढून टाकायची, नव्या खेळाडूंना सोडायचं आणि त्यांच्या पाऊलवाटा नकाशावर उमटवायच्या. सगळ्या वाटा एकमेकींवर पडल्या, तर जागेनं एकच प्रश्न विचारलेला असतो. वाटा फाटल्या, तर त्या जिथे फाटल्या तिथे काय दिसत होतं ते पाहायचं, आणि खेळून झाल्यावर प्रत्येकाला विचारायचं, 'तू तिकडे का वळलास?'