चूक एजंटची, की वर्णनाची?

पुण्यातल्या आयटी मंडळींच्या गप्पांत सध्या एक वाक्य हमखास कानावर येतं: "एजंट चुकतोय? मग मोठं मॉडेल घ्या." हा गैरसमज महागात पडणारा आहे. मॉडेल कधीकधी कमी पडतं, हे खरंच. पण पुष्कळदा त्याच्या हाती दिलेल्या टूलचं वर्णनच धड लिहिलेलं नसतं, आणि तिकडे कोणी बघतही नाही.

एआय एजंट म्हणजे बाहेरचे प्रोग्राम, म्हणजेच 'टूल', वापरून काम करणारं भाषा-मॉडेल. ओपनएआयने जून २०२३ मध्ये 'फंक्शन कॉलिंग' आणलं, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'. दोन्ही मॉडेलला टूल जोडून देण्याच्या पद्धती. पद्धत कोणतीही असली तरी सर्वसाधारणपणे मॉडेलला टूलचा कोड दिसत नाही. त्याच्यापुढे येतो तो मजकूर: टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती कशी भरायची त्याचा तक्ता. तेवढ्यावरून ते ठरवतं की अमुक टूल अमुक माहिती देऊन चालवायचं. प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम वेगळाच असतो.

समजा, पुण्यातल्या प्रवाशांसाठी एजंट करायचाय. टूल तीन: पीएमपी (पुण्याची शहर बस), एसटी, मेट्रो. पीएमपीच्या टूलचं वर्णन आहे, "बसची माहिती देते." कोणी विचारतं, "स्वारगेटहून साताऱ्याची पहिली बस कितीला?" स्वारगेटला पीएमपी आहे, एसटी आहे, सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोही आहे. एजंट पीएमपीचं टूल उचलतो, रिकामी यादी येते आणि तो सांगून मोकळा होतो की साताऱ्याला बस नाही. आता वर्णन बदलू: "पुणे शहरातल्या पीएमपी बसचे मार्ग आणि वेळा देते. बाहेरगावच्या एसटी गाड्यांसाठी वापरू नये. थांब्याचं नाव मराठीत द्यावं. यादी रिकामी आली तर थांब्याचं नाव पुन्हा तपासावं."

वाचताना दुसरं वर्णन सरस वाटतं. पण ते वापरायचंय मॉडेलला, त्यामुळे आपल्या वाटण्याला फारशी किंमत नाही. चाचणीच घ्यायला हवी. मॉडेल तेच, टूल तीच, प्रश्न तेच. बदलायचं फक्त वर्णन. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फंक्शन कॉलिंगमध्ये मॉडेलांची क्रमवारी लावणाऱ्या चाचणीत, हातातलं एकही टूल लागू पडत नाही असेही प्रश्न असतात. आपल्या चाचणीतही ते हवेत, कारण गरज नसताना टूल चालवणं हीसुद्धा चूकच.

आता माझा आवडता भाग. समजा ५० प्रश्नांत जुन्या वर्णनाने ४० बरोबर आले, नव्याने ४३. नवं जिंकलं? थांबा. दोघांनी बरोबर दिलेले ३८ आणि दोघांनी चुकवलेले ५ प्रश्न बाजूला काढा. त्यांतून फरक कळतच नाही. उरतात ७: त्यांपैकी ५ फक्त नव्याला जमले, २ फक्त जुन्याला. दोन्ही वर्णनं सारख्याच ताकदीची असती, तर हे सात निकाल नाणेफेकीसारखेच लागले असते. सात वेळा नाणं उडवल्यावर १२८ प्रकारचे निकाल संभवतात. पाच किंवा जास्त छापे येण्याचे प्रकार २१ अधिक ७ अधिक १, म्हणजे २९. म्हणजे निव्वळ नशिबाने नव्याला एवढं यश मिळण्याची शक्यता सुमारे २३ टक्के! तीन गुणांच्या या आघाडीवर विश्वास ठेवायला मी तयार नाही. हेच ५ विरुद्ध २ ऐवजी ९ विरुद्ध १ असतं, तर १०२४ पैकी ११ प्रकार, साधारण एक टक्का. मग बोलता आलं असतं. जोड्यांमधल्या फक्त फरकाकडे बघायची ही युक्ती मानसशास्त्रज्ञ क्विन मॅकनेमार यांनी १९४७ मध्ये मांडली, आणि एजंटांच्या चाचणीला ती चपखल बसते.

यात भर म्हणजे तोच प्रश्न पुन्हा विचारला की मॉडेल वेगळं वागू शकतं. म्हणून प्रत्येक प्रश्न अनेकदा विचारायचा. दहापैकी नऊ वेळा बरोबर असणारा एजंट सलग आठ वेळा बरोबर येण्याची शक्यता ०.९ चा आठवा घात, म्हणजे जेमतेम ४३ टक्के. "९० टक्के अचूक" अशा जाहिराती वाचताना हा घात जरूर करून बघावा.

वर्णनात 'अत्यंत महत्त्वाचे' असं तीनदा लिहिलं की एजंट ऐकतो, असले तोडगे समाजमाध्यमांवर रोज फिरतात. एखादा लागूही पडत असेल. पण न मोजता तो वापरणं म्हणजे दंडाला गंडा बांधून परीक्षेला बसणं.

सगळ्यात जास्त शिकवतात ते नव्या वर्णनाने बिघडवलेले दोन प्रश्न. त्यांची नोंद ओळीओळीने वाचायची. आपल्या उदाहरणात त्यातला एक असा निघू शकतो: "स्वारगेटहून आळंदीला बस आहे का?" पीएमपी आळंदीला जाते, पण आळंदी पुणे महापालिकेच्या हद्दीत नाही. वर्णनात आपणच "पुणे शहरातल्या" असं लिहून ठेवलंय, मग मॉडेलने आळंदी बाहेरगाव धरली आणि एसटीचं टूल उचललं, यात त्याचा काय दोष? इथे "पुणे, पिंपरी-चिंचवड आणि आसपासच्या गावांतल्या" असं लिहायला हवं. मात्र ही दुरुस्ती तपासायला आळंदीचाच प्रश्न पुन्हा विचारून भागत नाही. तो समोर ठेवूनच आपण वर्णन बदललंय. त्यासाठी आधीपासून वेगळे काढून ठेवलेले, आपणही न चाळलेले प्रश्न लागतात.